सिन्नाचा दोष कोणता?

शोकांतिका शिकवण्याची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. नायक घ्यायचा, त्याचा एक स्वभावदोष शोधायचा, त्या दोषाची त्याच्या नाशाशी गाठ मारायची आणि उत्तर संपवायचे. ऑथेल्लोचा संशय, मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा, हॅम्लेटची चालढकल, लिअरचा उतावळेपणा. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' या रोमन नाटकाची वाटणीही अशीच होऊन गेलेली आहे. सीझर गर्विष्ठ, कॅशियस मत्सरी, अँटनी धूर्त आणि ब्रूटस भाबडा आदर्शवादी. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथल्या महाविद्यालयांत इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मुले-मुली परीक्षेच्या आदल्या रात्री हेच चार शब्द पाठ करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आपण त्यांना तेच शिकवतो.

या पद्धतीविषयी माझी तक्रार एवढीच आहे की तिच्यात सिन्ना बसत नाही.

सिन्ना कोण, हे पुष्कळांना आठवणारही नाही. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश, जेमतेम चाळीस ओळींचा. सीझरचा खून झाला आहे, अँटनीचे भाषण झाले आहे आणि रोमचे लोक जळती लाकडे घेऊन मारेकऱ्यांच्या घरांकडे निघाले आहेत. अशा वेळी रस्त्याने एक माणूस एकटाच चालला आहे. रात्री स्वप्नात तो सीझरबरोबर जेवायला बसला होता. मन जड आहे, घराबाहेर पडायची इच्छा नाही, तरी पाय बाहेर ओढत आहेत. तेवढ्यात घोळका त्याला अडवतो आणि चौघे चार प्रश्न विचारतात. नाव काय? कुठे निघालास? राहतोस कुठे? लग्न झालेय का? वर दम देतात की सरळ सांग, थोडक्यात सांग, शहाण्यासारखे सांग आणि खरे सांग. तो कवी आहे, थोडा विनोद करतो. लग्न केले नाही हेच शहाणपण, असे म्हणतो. सीझरच्या अंत्ययात्रेला निघालो आहे, त्याचा मित्र म्हणून निघालो आहे, असे सांगतो. आणि शेवटी नाव सांगतो, सिन्ना.

सीझरला मारणाऱ्यांत एक सिन्ना होता. घोळका ओरडतो, फाडा याला. तो जीव तोडून सांगतो की मी तो नव्हे, मी कवी सिन्ना. उत्तर येते, मग याच्या वाईट कवितांसाठी फाडा. तो पुन्हा सांगतो, मी कटवाला नाही. त्यावर घोळक्यातला एक जण म्हणतो की त्याने काही फरक पडत नाही, नाव तर सिन्ना आहे ना. हृदयातून नुसते नाव उपटून काढा आणि द्या सोडून.

नाव हृदयातून उपटले की माणूस चालत जाईल, असा हा हिशेब आहे. प्रवेश इथेच संपतो. सिन्ना पुन्हा दिसत नाही, त्याच्याविषयी पुढे कोणी एक शब्द बोलत नाही.

आता सांगा, याचा स्वभावदोष कोणता? गाईडला विचारले तर गाईड गप्प बसते. फार तर 'गर्दीच्या विवेकहीनतेचे उदाहरण' अशी अर्धी ओळ सापडते. मला मात्र वाटते की या चाळीस ओळींकडून मागे वळून नाटक वाचले, तर सीझर, कॅशियस, ब्रूटस, अँटनी या सगळ्यांचा दोष एकच निघतो आणि तो गर्व, मत्सर, भाबडेपणा यांपैकी एकही नाही.

तिकडे जाण्यापूर्वी 'दोष' या शब्दाचा थोडा हिशेब केला पाहिजे. ॲरिस्टॉटलने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'हॅमार्शिया'. त्याचे मूळ नेम चुकणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. भाला फेकला, निशाणा हुकला. म्हणजे तो शब्द माणसाच्या स्वभावातल्या डागाविषयी नाही, एका विशिष्ट क्षणी चुकलेल्या नजरेविषयी आहे. विंदा करंदीकरांनी १९५७ साली 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' मराठीत आणले, तेव्हापासून मराठी वाचकाला हे समजून घ्यायची सोय आहे. पण शाळा-महाविद्यालयांत हॅमार्शिया पोचली ती 'स्वभावदोष' होऊनच, आणि नैतिक प्रगतिपुस्तकाप्रमाणे वाटली जाऊ लागली.

ॲरिस्टॉटलचा हा ग्रंथ युरोपात परतला तो काही काळ अरबीच्या वाटेने, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबू बिश्र मत्ता यांनी तो सीरियाक भाषेतून अरबीत आणला. बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न रुश्द यांनी त्यावर भाष्य लिहिले आणि त्या भाष्याचा लॅटिन अनुवाद १२५६ साली टोलेडो इथे झाला. इब्न रुश्दांसमोर अडचण अशी होती की त्यांच्या जगात ग्रीकांसारखे नाटक नव्हते. तेव्हा त्यांनी शोकांतिकेला 'मदीह' म्हटले, म्हणजे स्तुतिकाव्य, आणि सुखांतिकेला 'हिजा', म्हणजे उर्दूतली आपली हजो, निंदाकाव्य. पुढच्या पंडितांनी याची चेष्टा केली. मला चेष्टा करवत नाही, कारण 'ज्युलियस सीझर'मधले सर्वांत गाजलेले भाषण वाचताना मला नेहमी इब्न रुश्दच आठवतात. अँटनी प्रेताशेजारी उभा राहून सांगतो की मी सीझरची स्तुती करायला आलेलो नाही. आणि लगेच स्तुती सुरू करतो. दुसरीकडे ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांना तो 'सन्मान्य' म्हणत राहतो. पहिल्यांदा म्हणतो तेव्हा ती मदीह असते, चौथ्या-पाचव्यांदा म्हणतो तोवर त्याच शब्दाची हजो झालेली असते. शब्द तोच, अक्षर बदललेले नाही, फक्त आतला माणूस काढून घेतला आहे. मर्सिया ऐकत वाढलेल्या श्रोत्याला हेही कळेल की अँटनी सीझरचा फाटका, रक्ताने भिजलेला झगा कोणत्या क्षणी वर उचलतो. लोक रडल्याशिवाय तो प्रेतावरचे वस्त्र काढत नाही.

असो. नावाकडे येतो.

नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात दोन अधिकारी रस्त्यावरच्या कामगारांना हटकतात. तुझा धंदा कोणता, धंद्याची खूण अंगावर का नाही, सुट्टी नसताना हिंडता कसे? त्यात एक चांभार आहे. तो तुकड्या तुकड्यांनी, शब्दांवर कोट्या करत उत्तरे देतो. अधिकारी चिडतात, लोक मुकाट्याने घरी जातात. तिसऱ्या अंकात सिन्नाला अडवणारे याच वर्गातले लोक आहेत, आणि आता प्रश्न विचारायची पाळी त्यांची आहे. सिन्नाही कोट्याच करतो. पहिल्या प्रवेशात कोटीवर शिवी मिळते, तिसऱ्या अंकात मरण. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. नाव विचारणाऱ्या या चौघांना शेक्सपिअरने नाव दिलेले नाही. पहिला नागरिक, दुसरा नागरिक, तिसरा, चौथा, असे नुसते आकडे आहेत.

आता कॅशियस ब्रूटसला फितवतो तो प्रसंग घ्या. 'मत्सर' हा शिक्का मारला की आपण पुढे वाचत नाही. पण कॅशियसची युक्ती कशावर उभी आहे? तो म्हणतो, ब्रूटस आणि सीझर ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून पाहा, तुझे तितकेच सुंदर दिसते. उच्चारून पाहा, तुझे तितकेच तोंडाला शोभते. तोलून पाहा, वजन सारखे. मंत्र म्हणून वापर, भूत दोन्ही नावांनी सारखेच उठेल. मग त्या एका नावाचा इतका गाजावाजा का? यात सीझरने काय केले, रोमचे काय बिघडले, याचा पत्ता नाही. ब्रूटसच्या पूर्वजाने राजाला रोमबाहेर हाकलले होते, तेव्हा ब्रूटस या नावावर ते कर्ज आहे, एवढेच कॅशियसला पुरते. ब्रूटस सीझरला मारतो याचे एक कारण त्याचे स्वतःचे नाव ब्रूटस आहे हे आहे. सिन्नाला त्याचे नाव मारते, ब्रूटसला त्याचे नाव मारायला लावते.

सीझरचे तर बोलायलाच नको. तो स्वतःविषयी बोलतानाही 'मी' म्हणायच्या ऐवजी 'सीझर' म्हणतो. सीझर बाहेर जाणार, सीझर भीत नाही, सीझरपेक्षा संकटच जास्त घाबरते. गाईडवाले इथे 'गर्व' लिहून मोकळे होतात. पण पहिल्या अंकात सीझर कॅशियसकडे एक नजर टाकून त्याला अचूक ओळखतो. हा माणूस वाळका आहे, फार वाचतो, गाणे ऐकत नाही, क्वचित हसतो, अशी माणसे धोक्याची. इतके नेमके निदान नाटकात दुसरे कोणी करत नाही. ते करून झाल्यावर लगेच तो अँटनीला सांगतो की भ्यायचे कशाला हे मी सांगतो आहे, मी भितो असे नाही, कारण मी सीझर आहे. आणि त्याच श्वासात म्हणतो, उजव्या बाजूला ये, मला या कानाने ऐकू येत नाही. डाव्या कानाचा हा बहिरेपणा शेक्सपिअरने स्वतः घातलेला आहे, त्याच्या आधारग्रंथात तो नाही. माणसाला दिसलेले खरे होते, नावाने ते ऐकले नाही. शेवटच्या दिवशी एक जण मारेकऱ्यांच्या नावांची यादीच त्याच्या हातात देऊ पाहतो आणि हे तुझ्या जिवाचे आहे, आधी वाच, असे विनवतो. सीझर उत्तर देतो की जे आमच्या स्वतःविषयी आहे ते शेवटी. लोकनायकाला शोभणारे उत्तर आहे आणि त्यानेच तो मरतो.

याच सीझरच्या तोंडी, घरातून निघण्यापूर्वी, भित्र्या माणसाच्या अनेक मरणांविषयीचे प्रसिद्ध उद्गार आहेत. बायकोसमोर मारलेली फुशारकी म्हणून ते वाचता येतात. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांत शेक्सपिअरचा एक ग्रंथ फिरत होता. मूळ भारतीय वंशाच्या एका कैद्याने त्यावर दिवाळीच्या शुभेच्छापत्रांतली देवांची चित्रे चिकटवून तो धर्मग्रंथ म्हणून तुरुंगात सांभाळला होता. कैद्यांनी आपापल्या आवडीच्या ओळींशेजारी सह्या केल्या. नेल्सन मंडेलांनी १६ डिसेंबर १९७७ या तारखेची सही केली ती सीझरच्या याच उद्गारांपाशी. गाईडने ज्याला गर्व म्हणून बाजूला ठेवले, त्यातून एका माणसाने तुरुंगात धीर घेतला. पात्राला एका दोषात बसवले की अशा वाचनाला जागाच उरत नाही.

सीझर हे नाव पुढे कसे पसरले ते आपल्या घरांनाही ठाऊक आहे. रोमचा कैसर, जर्मनांचा कायझर, रशियाचा झार, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारापासून राणी व्हिक्टोरियासाठी कैसर-ए-हिंद. आपल्याकडच्या जुन्या कैसरजहाँ नावाच्या आज्यांना आपल्या नावात एका खून झालेल्या रोमन माणसाचे नाव आहे याची कल्पना नसेल. नाटकातच या प्रवासाची सुरुवात होते. ब्रूटस खुनानंतर लोकांसमोर उभा राहून सांगतो की रोमवरच्या प्रेमापोटी मी सीझरला मारले. लोक खूश होऊन ओरडतात, मग यालाच सीझर करा. ज्याने ती खुर्ची मोडली त्यालाच ते तिच्यावर बसवायला निघाले, आणि ब्रूटसला यातले काही ऐकू येत नाही. त्याचे तर दोन्ही कान चांगले होते.

ब्रूटसवर जरा थांबतो, कारण नाटक त्याचेच आहे.

त्याला भाबडा म्हणणे सोपे आहे. तीन वेळा कॅशियस त्याला योग्य सल्ला देतो आणि तीनही वेळा ब्रूटस तो मोडून काढतो. अँटनीलाही संपवू, नको. अँटनीला बोलू देऊ नकोस, बोलू दे, तेही माझ्यानंतर. फिलिपीला चालून जाऊ नकोस, जाऊ. परीक्षेत एवढे पुरते. पण हे सगळे नंतरचे आहे. खरा नेम चुकतो तो दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, मध्यरात्री, बागेत, जेव्हा तो एकटा असतो आणि त्याला फितवायला कोणी शेजारी नसते. तो स्वतःशी कबूल करतो की सीझरशी माझे वैयक्तिक काही नाही. हेही कबूल करतो की सीझरच्या वासनांनी त्याच्या विवेकावर मात केल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. मग? मग असे की मुकुट मिळाल्यावर तो बदलू शकतो. बदलू शकतो, म्हणजे बदलेलच असे नव्हे. तेव्हा आज त्याच्यावर ठेवायला आरोप नसेल तर तो असा रचावा की हा माणूस वाढला तर अमुक अमुक टोकाला जाईल. सापाचे अंडे समजावे आणि कवचातच मारावे.

इंग्रजीतला हा कदाचित सर्वांत सभ्य, सर्वांत शांत शब्दांत मांडलेला खुनाचा विचार आहे. यात शिवी नाही, संताप नाही. आपण काय करतो आहोत हे ब्रूटसला जवळजवळ कळते आहे, आरोप रचावा लागेल असे तो स्वतःच म्हणतो. आणि तरी सकाळपर्यंत अंड्याला साप हे नाव मिळालेले असते. एकदा नाव मिळाले की अंड्यात काय आहे ते फोडून पाहायचे कारण राहत नाही.

याच वेळी खिडकीतून चिठ्ठ्या येऊन पडतात. कॅशियसने वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेल्या, जणू वेगवेगळ्या नागरिकांनी लिहिल्यासारख्या, बिनसहीच्या. एका चिठ्ठीत वाक्य अर्धेच आहे. रोमने काय करावे, आणि पुढे 'वगैरे'. ब्रूटस थांबून विचार करतो आणि म्हणतो की हे मलाच पुरे करावे लागेल, आणि पुरे करतो: रोमने एका माणसाच्या धाकात राहावे काय? कॅशियसने ते लिहिलेले नव्हते. चिठ्ठी पाठवणाऱ्याने फक्त जागा मोकळी सोडली, भीती वाचणाऱ्याने स्वतःची घातली. मोबाइलवर आलेले बिनसहीचे मजकूर पुढे ढकलणाऱ्या आजच्या वाचकाला हे उलगडून सांगायची गरज नाही.

आता ब्रूटसची घोळक्याशी तुलना केली तर इंग्रजीचे प्राध्यापक रागावतील. कुठे तो स्टोइक तत्त्वज्ञ, कुठे जळती लाकडे घेतलेली झुंड. तरी करतो. घोळका सिन्नाला म्हणतो, तू काय केलेस याने फरक पडत नाही, तुझे नाव काय आहे ते पुरे. ब्रूटस सीझरविषयी म्हणतो, त्याने काय केले याने फरक पडत नाही, तो काय होऊ शकतो ते पुरे. दोघेही समोरच्या माणसाची केलेली कृती बाजूला सारतात आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवतात, एकाने मागून आलेले नाव ठेवले, दुसऱ्याने पुढून येणारा संशय. शहाणपणाचा फरक आहे, रीत एक आहे. मला या नाटकातली हॅमार्शिया इथे दिसते, आणि ती एका पात्राच्या मालकीची नाही.

याचा अर्थ ब्रूटस दुष्ट आहे असा नाही. चौथ्या अंकात, युद्धाच्या आदल्या मुक्कामी, तो लुशियस नावाच्या पोऱ्याला वाद्य वाजवायला सांगतो. पोरगा दमलेला, वाजवता वाजवता झोपी जातो. ब्रूटस त्याला उठवत नाही. वाद्य हातातून पडून मोडेल म्हणून हळूच काढून बाजूला ठेवतो. एका माणसाकडे तो माणूस म्हणून पाहतो तेव्हा असा वागतो. बागेतल्या त्या रात्री हेच पोर दिवा घेऊन येत-जात होते आणि ब्रूटस त्याच्या गाढ झोपेचा हेवा करत होता. सीझरकडे मात्र त्या रात्री त्याने एकदाही माणूस म्हणून पाहिले नाही.

शेक्सपिअरने हे हेतुपूर्वक केले, याला पुरावा आहे. हे नाटक १५९९ सालचे. त्याचा आधार प्लुटार्कची चरित्रे, टॉमस नॉर्थने १५७९ साली फ्रेंचवरून इंग्रजीत आणलेली. प्लुटार्कमध्ये सिन्ना कवी आहे, त्याचे स्वप्न आहे, खूनही आहे. पण तिथे तो गैरसमजातून मरतो. कोणीतरी नाव विचारतो, नाव तोंडोतोंडी पसरते, हाच तो मारेकरी असे लोकांना वाटते आणि ते तुटून पडतात. सिन्नाला मी तो नव्हे असे सांगायची संधीच मिळत नाही. शेक्सपिअरने ती संधी दिली. सिन्नाने सांगितले, लोकांनी ऐकले, त्यांना समजले, आणि तरी मारले. प्लुटार्कने चूक सांगितली. शेक्सपिअरने चूक दुरुस्त होऊनही हात थांबत नाही तो क्षण लिहिला.

खरा सिन्ना, हेल्वियस सिन्ना, हा लॅटिन कवी कातुल्लसचा मित्र. एका दीर्घकाव्यावर त्याने नऊ वर्षे घालवली, असे कातुल्लसने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे वाईट कवितांसाठी फाडा असे ज्याच्याविषयी ओरडले गेले, तो आपल्या काळातला सर्वांत कष्टाळू कवी होता. त्याच्या कवितेचे आज मोजके तुकडे उरलेले आहेत.

हा प्रवेश रंगभूमीला पचलेला नाही. इंग्रजी रंगमंचावर तो कित्येक पिढ्या गाळला जात होता. १९५३ सालच्या हॉलिवूडच्या चित्रपटात मार्लन ब्रँडोचा अँटनी आहे, सिन्ना कवी नाही. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने हे नाटक आधुनिक वेषात, सीझरला फॅसिस्ट हुकूमशहासारखा उभा करून बसवले, तेव्हा नॉर्मन लॉइडचा सिन्ना हाच प्रयोगाचा गाभा ठरला. युरोपात त्या वेळी नाव विचारणे सुरू झालेले होते.

मराठीने हे नाटक फार लवकर घेतले. काशिनाथ गोविंद नातू यांनी १८७२ साली त्याचे 'विजयसिंग' केले. तो काळ नावे बदलण्याचा होता. आगरकरांच्या 'विकारविलसिता'त हॅम्लेट चंद्रसेन झाला, देवलांचा ऑथेल्लो झुंजारराव झाला, वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या हाती अँटनी-क्लिओपात्रा 'वीरमणि आणि शृंगारसुंदरी' झाले. त्या काळच्या प्रेक्षकासाठी ते ठीकच होते. पण ज्या नाटकाचा सगळा जीव नावात आहे, त्याच्या बाबतीत मला मंगेश पाडगावकरांचा उत्तरवयातला 'ज्युलिअस सीझर' जवळचा वाटतो, कारण त्यांनी नावांना हात लावला नाही.

आमच्या मराठवाड्याला हा प्रवेश परका नाही. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९४८ च्या त्या वर्षात आधी रझाकारांनी एका प्रकारची नावे असलेल्यांना छळले, आणि १७ सप्टेंबरनंतर दुसऱ्या प्रकारची नावे असलेल्यांवर पाळी आली, ज्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानात फिरून अहवाल लिहिला, तो कित्येक दशके सर्वसामान्यांना वाचायला मिळाला नाही. काझी साहेब हे 'लैला के खुतूत' लिहिणारे उर्दूचे नामवंत लेखक. त्या अहवालात दोन्ही बाजूंचे आहे आणि तिसरेही आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे प्राण दिले. त्यांनी नावाच्या आधी मागावरचा शेजारी पाहिला असावा.

म्हणून गर्दी म्हणजे विवेकहीन, या गाईडमधल्या अर्ध्या ओळीवर माझा विश्वास नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला केवढी गर्दी लोटते, आणि त्या रेट्यात शेजारच्याला नाव विचारायचे कोणाला सुचत नाही. रोमची गर्दीही पहिल्या अंकात चांभार-सुतारांची होती, सुट्टीच्या कपड्यांत आलेली. तिला आधी ब्रूटसने कारणे दिली आणि मग अँटनीने शब्द. सिन्नाच्या खुनात त्या दोन सुशिक्षितांचा वाटा किती, हा प्रश्न परीक्षेत कधी आल्याचे मला आठवत नाही.

सिन्नाला ओढून नेतात, आणि चौथ्या अंकाचा पडदा लगेच उघडतो. एका टेबलाभोवती तीन माणसे बसली आहेत, अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस. समोर नावांची यादी आहे. ज्याला मारायचे त्याच्या नावापुढे टिंब द्यायचे. लेपिडस आपल्या भावाच्या नावाला संमती देतो, अट एवढीच की अँटनीच्या भाच्याचे नावही त्यात यावे. अँटनी म्हणतो, हे बघ, दिले टिंब. रस्त्यावर जे आरडाओरड करून झाले, ते इथे खालच्या आवाजात, बसून चालले आहे. आणि काम संपता संपता अँटनी सीझरचे मृत्युपत्र मागवतो, भाषणात ज्या मृत्युपत्राने लोकांना रडवले तेच, त्यातला लोकांना द्यायचा वाटा कसा कमी करता येईल ते पाहायला.

याच अंकात आणखी एक कवी येतो. त्याला तर नावही नाही. ब्रूटस आणि कॅशियस तंबूत एकमेकांवर तुटून पडले होते, नुकतेच शांत झाले आहेत, आणि हा म्हातारा पहाऱ्याला न जुमानता आत घुसतो. तुम्हा दोघांसारख्या माणसांनी प्रेमाने राहावे, एवढेच त्याचे म्हणणे, तेही ओबडधोबड यमकात. प्लुटार्कमध्ये तिथे घुसणारा कवी नसून तत्त्वज्ञानाचा आव आणणारा एक माणूस आहे, त्याला कवी शेक्सपिअरने केले. कॅशियस त्याच्या यमकाला हसतो, पण सांभाळून घे म्हणतो, त्याची तऱ्हाच तशी. ब्रूटस ऐकत नाही. लढाईत असल्या यमकजुळव्यांचे काय काम, असे म्हणून त्याला बाहेर घालवतो. मग तो पोऱ्याला मद्याचा पेला आणायला सांगतो, आणि कॅशियस त्याच्या रागाविषयी काही बोलतो तेव्हा कळते की ब्रूटसची बायको पोर्शिया वारल्याचा निरोप येऊन गेला आहे आणि भांडण चालू होते तेवढा वेळ तो कोणाला बोललेला नव्हता.